नाव कमवायला रणांगणच न मिळालेली बंदूक

शिपायाला त्याच्या हत्याराबद्दल विचारलं तर आधी तो पाठ केलेलं सांगतो. वजन इतकं, पल्ला इतका, मिनिटाला इतक्या गोळ्या. उस्ताद समोर उभा असेल तर एवढ्यावरच थांबतो. खरं मत संध्याकाळी कोतमध्ये हत्यार जमा करताना बाहेर पडतं. ही अडकते, ती अडकत नाही. हिची रोक हातानं निघते, तिची काढायला आर्मरर लागतो.

तो आर्मरर मी. लष्कराच्या दुरुस्ती खात्यात, ईएमईत, भरती झालो, सिकंदराबादला शिकलो आणि पुढची नोकरी इन्फंट्रीच्या पलटणींबरोबर, त्यातही बरीचशी मराठ्यांबरोबर, दुसऱ्यांची हत्यारं दुरुस्त करण्यात गेली. माझ्या टेबलावर आलेली बंदूक कधी धडधाकट नसायची, आणि ती घेऊन येणारा जवान कधी खुशीत नसायचा. त्यामुळे हत्याराची कीर्ती म्हणजे काय हे मी उलट्या बाजूनं शिकलो. ज्या हत्याराबद्दल माझ्याकडे कमी तक्रारी यायच्या ते चांगलं. पुस्तकं काहीही म्हणोत.

हल्ली मी मुलीकडे न्यूझीलंडमध्ये, पामर्स्टन नॉर्थला असतो. ती मॅसी विद्यापीठात आहे. इथले लोक शहराला लाडानं पामी म्हणतात. सपाट मैदानावर वसलेलं शहर, मधोमध मोठा चौक, त्यात घड्याळाचा मनोरा, एका अंगानं मानावातू नदी, पूर्वेच्या डोंगरांवर पवनचक्क्यांच्या रांगा. वारा इतका की टोपी हातात धरून चालावं लागतं. शहराच्या दक्षिणेला लिंटनची लष्करी छावणी आहे. फौजी माणसाला फौजी गाव ओळखायला पाटी लागत नाही. केस कापण्याच्या पद्धतीवरून आणि किराणा दुकानातल्या रांगेत माणसं कशी उभी राहतात त्यावरून कळतं.

पण मी इथल्या ज्या बंदुकीबद्दल लिहितो आहे तिचा लिंटनशी संबंध नाही. ती लढाईला गेलीच नाही. तिची जवळजवळ सगळी पैदास पामर्स्टन नॉर्थच्या लष्करी गोदामात, अपघातानं लागलेल्या आगीत जळून गेली. तिचं नाव चार्ल्टन ऑटोमॅटिक रायफल. सुमारे १,५०० बनल्या होत्या. आज हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या उरल्या आहेत: एक लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये, एक इथून उत्तरेला वायउरूच्या लष्करी संग्रहालयात, एक ऑस्ट्रेलियात बॅन्डियानाला.

हिची गोष्ट सांगायची तर आधी ब्रेन या हलक्या मशीनगनची सांगावी लागते, कारण ब्रेन मिळेना म्हणून ही जन्माला आली.

ब्रेन मूळची चेकोस्लोव्हाकियाची. ब्रनो गावच्या कारखान्यात बनणाऱ्या झेडबी २६ वरून ब्रिटिशांनी ती घेतली आणि आपल्या .३०३ काडतुसाला बसेल अशी करून १९३७ पासून एन्फील्डच्या कारखान्यात काढायला लागले. ब्रनोतला 'ब्र' आणि एन्फील्डचा 'एन', असं तिचं नाव. १९४० च्या उन्हाळ्यात डंकर्कहून ब्रिटिश फौज माणसं वाचवून परतली, सामान मात्र फ्रान्सच्या किनाऱ्यावर टाकून आली. त्यात हजारो ब्रेन होत्या. मग कॅनडात टोरांटोचा इंग्लिस कारखाना, ऑस्ट्रेलियात लिथगो, पुढे आपल्याकडे बंगालात ईशापूर, अशी ठिकठिकाणी बनावट वाढवली, पण मागणी पुरवठ्याच्या कितीतरी पुढे. असेल तो माल आधी आघाडीवर जायचा. न्यूझीलंड त्या रांगेत शेवटचं.

आणि न्यूझीलंडची पंचाईत अशी की त्यांची तरणीताठी डिव्हिजन इजिप्तमध्ये, लिबियात लढत होती. घर राखायला होमगार्ड. म्हणजे मेंढपाळ, दुकानदार, पहिल्या महायुद्धातून परतलेले बाप्ये. त्यातल्या कित्येकांच्या हातात सुरुवातीला रायफलसुद्धा नव्हती. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला, १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं, चौथ्या दिवशी ऑस्ट्रेलियातल्या डार्विनवर बॉम्ब पडले. इतका लांबच लांब किनारा आणि राखायला ही माणसं. आज पामीच्या चौकात कबुतरांना दाणे टाकताना त्या भीतीची कल्पना येत नाही, पण नकाशा उघडून सिंगापूरपासून बोट खाली आणलं की येते.

हेस्टिंग्ज इथून डोंगरापलीकडे, गाडीनं दोन तासांवर. हॉक्स बे भागातलं सफरचंदांच्या बागांचं गाव. १९३१ च्या भूकंपात ते आणि शेजारचं नेपियर जमीनदोस्त झालं होतं, आणि दहा वर्षांत पुन्हा उभं राहिलं होतं. तिथे फिलिप चार्ल्टन नावाच्या माणसाची मोटार वर्कशॉप होती. त्यानं १९४१ साली ठरवलं की ब्रेन मिळत नाही ना, मग गोदामात पडलेल्या जुन्या रायफलींचीच मशीनगन करू.

जुन्या म्हणजे किती जुन्या? ली-मेटफर्ड आणि लांब नळीच्या ली-एन्फील्ड, बोअर युद्धाच्या जमान्यातल्या. म्हणजे ज्या रायफली चार्ल्टनच्या आधीच्या पिढीनं दक्षिण आफ्रिकेत वापरल्या असतील त्या. या सगळ्या बोल्टच्या रायफली. एक गोळी झाडा, मूठ वर उचला, मागे ओढा, रिकामी केस उडते, पुढे ढकला, मूठ खाली दाबा, पुन्हा झाडा. थ्री-नॉट-थ्री हातात घेतलेल्या कुणालाही, एनसीसीच्या कॅडेटलासुद्धा, ही हालचाल झोपेत येते. चार्ल्टननं हीच हालचाल माणसाच्या हातून काढून बारुदाच्या धुराला दिली. बॅरलला भोक पाडून गोळीमागून येणाऱ्या गॅसचा थोडा भाग बाहेर घेतला, उजव्या अंगानं पिस्टन बसवला, त्याच्या मागे एक पोलादी पट्टी, त्या पट्टीत तिरकी खाच आणि त्या खाचेत बोल्टच्या मुठीचं खुंट. पिस्टन मागे आला की खाच खुंटाला आधी वर फिरवते, मग मागे खेचते. स्प्रिंग सगळं परत पुढे ढकलते. मोटेच्या विहिरीवर बैलांच्या जागी इंजिन बसवावं तसा हा प्रकार: विहीर तीच, मोट तीच, ओढणारा बदलला.

मी या रचनेला हसणार नाही. बंदुकांचे शौकीन हसतात. तिचा फोटो दाखवून सगळ्यात कुरूप बंदूक वगैरे म्हणतात, आणि दिसायला ती आहेच तशी. बॅरलला गरमी जायला धातूच्या गोल गोल पाळ्या, पुढे उभी मूठ, त्याच्यापुढे दोन पाय, उजव्या बगलेला उघडी यंत्रणा, खाली ब्रेनचं वाकडं मॅगझीन. लाकडाच्या साध्या रायफलीला कुणी अर्ध्या रात्रीत इंजिन जोडल्यासारखी. पण मी तिच्याकडे आर्मररच्या डोळ्यानं बघतो तेव्हा मला त्या माणसाचं डोकं दिसतं. नवीन कारखाना नाही, नवीन पोलाद नाही, नवीन काडतूस नाही. जे आहे त्यातून करायचं. मूळ रायफल चार किलोच्या जरा वर, ही साडेसात किलोंच्या आसपास गेली. तरी ब्रेनपेक्षा हलकीच, ब्रेन दहा किलो.

माझ्या शंका वेगळ्या आहेत, आणि त्या दिसण्याच्या नाहीत.

पहिली बॅरलची. चार्ल्टनचा वेग मिनिटाला सहाशेच्या घरात. तीस गोळ्यांचं मॅगझीन तीन सेकंदांत खलास. बॅरल एकच, पक्की बसवलेली, आणि तीही चाळीस वर्षांपूर्वी एकेक गोळी झाडण्यासाठी घडवलेली. ब्रेनला बॅरल बदलायची सोय होती. खिटी फिरवा, मुठीला धरून तापलेली नळी काढा, थंड नळी बसवा, पाच-सात सेकंदांचं काम. भराभर फायर चालू असेल तर दहा मॅगझीनला बॅरल बदला असा आमचा पाठ होता. चार्ल्टनला ही सोय नाही. हे तो वर्कशॉपवाला जाणून होता. म्हणून त्याची बंदूक मुळात एकेक गोळी झाडायला, ट्रिगर दाबेल तशी, आणि सलग फायर फक्त जिवावर बेतलं तर, असाच तिचा हेतू होता. हे चांगलं होतं, पण जिवावर बेतलेला माणूस दर वेळी विचार करून ट्रिगर सोडत नाही.

दुसरी शंका काडतुसाची. .३०३ च्या केसला मागे कड असते. मॅगझीन भरताना आधी जाणाऱ्या राउंडची कड मागच्याच्या कडेपुढे बसली पाहिजे. उलटी बसली की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि ती रोक हात घालून काढावी लागते. ब्रेनला हाच आजार होता, आणि तिचं मॅगझीन तर वरून बसतं, म्हणजे राउंड खाली यायला वजनाची मदत मिळते. चार्ल्टनमध्ये तेच मॅगझीन फेरफार करून खालून लावलं. आता स्प्रिंगनं सगळं ओझं वर ढकलायचं, तेही सेकंदाला दहा वेळा. नवीन स्प्रिंग करेल. वर्षभर भरून ठेवलेल्या मॅगझीनची स्प्रिंग काय करेल?

तिसरी शंका चिखलाची. उजव्या अंगाची ती खाच आणि पट्टी उघडी. आणि शिपाई पालथा झोपतो तेव्हा हत्यार जमिनीच्या अगदी जवळ येतं.

या तिन्ही शंकांचं उत्तर कधी मिळालं नाही. जपानी न्यूझीलंडला आलेच नाहीत. १९४२ मध्ये अमेरिकन मरीन आले, इथून वेलिंग्टनच्या वाटेवर पायकाकारिकीला त्यांच्या छावण्या पडल्या. त्यांच्या खांद्यावर त्यांची स्वतःची ऑटोमॅटिक रायफल होती, ब्राउनिंगची बीएआर. वीस गोळ्यांचं मॅगझीन, आठ-नऊ किलो वजन, आणि तरी मरीन तिच्यावर जीव टाकायचे, कारण ती पाण्यात, वाळूत चालली. मिडवे आणि ग्वाडलकॅनालनंतर धोका मागे हटला, होमगार्डना १९४३ मध्ये घरी पाठवलं आणि चार्ल्टन गोदामात गेली. ऑस्ट्रेलियात इलेक्ट्रोलक्सनं, हो, झाडू मारायची विजेची यंत्रं बनवणाऱ्या त्याच कंपनीनं, आखूड ली-एन्फील्डवर हिची सुधारलेली आवृत्ती केली होती. पुढची मूठ नाही, पाय नाहीत, दिसायला बरीच सडपातळ. तीही तिथेच राहिली.

आता कीर्तीचा हिशेब कसा होतो ते बघा. पहिल्या महायुद्धात फ्रेंचांची शोशा नावाची ऑटोमॅटिक रायफल होती. मॅगझीनच्या एका बाजूला झरोके, राउंड किती उरले ते दिसावं म्हणून, आणि त्याच झरोक्यांतून खंदकातला चिखल आत. फ्रेंच शिपायानं शिव्या देत देत तिच्याबरोबर युद्ध काढलं. अमेरिकनांना तीच बंदूक त्यांच्या स्वतःच्या काडतुसाला करून दिली, ती इतकी वाईट बनली की तिला जगातली सगळ्यात भिकार बंदूक ठरवून ते घरी गेले. पुढची शंभर वर्षं त्यांचंच मत चाललं. म्हणजे वाईट नाव मिळवायलासुद्धा शिपायाच्या हातात जावं लागतं. चार्ल्टनला तेही मिळालं नाही.

ब्रेनला मात्र नाव मिळालं, आणि त्यात आपल्या माणसांचा हात आहे.

आमच्या कोरेगाव भागात, अपशिंगे मिलिटरीकडच्या पट्ट्यात, माझ्या लहानपणी घरटी एक माणूस पलटणीत. आमच्या आळीत एक म्हातारबा होते, इटलीत लढून आलेले, मराठा लाइट इन्फंट्रीतले, ब्रेनवर नंबर दोन. नंबर एक फायर करतो, नंबर दोन मॅगझीन बदलतो, जादा बॅरल सांभाळतो आणि नंबर एक पडला तर त्याची जागा घेतो. म्हातारबा युद्धाच्या गोष्टी फारशा सांगत नसत. पण आम्ही पोरांनी ब्रेनचं नाव काढलं की दोन्ही हात पुढे येत आणि मॅगझीन भरायला लागत. तीस मावतात पण अठ्ठावीसच भरायचे, दोन कमी, म्हणजे स्प्रिंगला दम राहतो, हे मी त्यांच्याकडून ऐकलं. पुढे सिकंदराबादला उस्तादानं तेच शिकवलं तेव्हा मला नवीन वाटलं नाही. इटलीच्या हिवाळ्यात नदीकाठचा चिखल कसा, बॅरलच्या तोंडावर फडकं कसं बांधायचं, आणि फायर करण्याआधी ते काढायला विसरणाऱ्या पोराला सुभेदारानं कसं झोडलं, एवढ्याच त्यांच्या लढाईच्या कथा.

ब्रेन अडकत नसे असं नव्हे, अडकायची. पण तिची रोक ठरावीक, आणि इलाजही ठरावीक. फायर थांबलं की विचार करायचा नाही. कॉक करा, मॅगझीन काढा, ट्रिगर दाबा, मॅगझीन लावा, कॉक करा, फायर. आम्ही त्याला फौरी इलाज म्हणतो. त्यानंही चाललं नाही आणि गॅसचा रस्ता काजळीनं तुंबला असेल तर रेग्युलेटरला चार भोकं आहेत, मोठ्या भोकावर फिरवा. दहावी नापास रंगरूटसुद्धा हे दोन आठवड्यांत अंधारात करायला लागतो. म्हणून शिपाई तिच्यावर भरवसा टाकायचा. आणि तिच्याविरुद्ध जी तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकली ती ऐकून हसू येतं: ही फार नेमकी मारते. मशीनगननं जरा पसरून मारावं, ही एकाच ठिकाणी सगळ्या गोळ्या घालते. तक्रार बरोबर होती. शिवाय मॅगझीन वर असल्यानं नेम डाव्या बाजूनं धरावा लागे, आणि डावखुऱ्या जवानाचे हाल व्हायचे.

म्हातारबांची पलटण ज्या मोहिमेत होती तीत न्यूझीलंडची डिव्हिजन शेजारी होती, हे मला इथे येईपर्यंत डोक्यात बसलं नव्हतं. ९ एप्रिल १९४५, उत्तर इटलीतली सेनिओ नदी. पाणी फार नाही, पण दोन्ही काठांना उंच बांध, आणि बांधांत जर्मनांनी बिळं करून मशीनगन बसवलेल्या. त्या संध्याकाळी शेजारी शेजारी दोन डिव्हिजन नदीत उतरल्या, आठवी भारतीय आणि दुसरी न्यूझीलंड. भारतीय बाजूला पाचव्या मराठ्यांची पहिली बटालियन, जंगी पलटण. तिच्या एका कंपनीचा रनर होता सिपाही नामदेव जाधव, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निमजचा. बरोबरचे बहुतेक पडले तेव्हा त्यानं जखमींना एकेक करून खोल पाण्यातून, बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे नेऊन सोडलं. मग परत येऊन जर्मन मशीनगनच्या ठाण्यांवर एकटा चालून गेला. हाताला गोळी लागली, टॉमीगन चालवता येईना, ती टाकून दिली आणि हातबॉम्बनं काम केलं. शेवटी बांधावर चढून मराठ्यांची गर्जना करत मागच्या कंपन्यांना हात करून पलीकडे बोलावलं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि तो घ्यायला ते जिवंत राहिले.

त्याआधी नऊ महिने, १० जुलै १९४४ ला, वरच्या टायबर नदीच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे. रायगडातल्या माणगावचे, तिथे त्यांचा पुतळा आहे. तेही पाचव्या मराठ्यांचेच, तिसऱ्या बटालियनचे. सेक्शनचे सगळे जवान पडले वा जखमी झाले, कमांडर तेवढे उरले. जर्मन मशीनगनवर धावून गेले, हातबॉम्ब टाकून गन आणि गनर दोन्ही संपवले, मग एकाला टॉमीगननं मारलं. मॅगझीन रिकामं झालं. बदलायला वेळ नव्हता. बंदूक नळीकडून धरून दस्त्यानं उरलेल्या दोघांना ठोकलं. लगेच लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तेही पडले.

हे मानपत्रात आहे म्हणून सगळ्यांना माहीत असतं, आणि वाचणारा शौर्यावर थांबतो. मी आर्मरर म्हणून मॅगझीनपाशी थांबतो. बदलायला वेळ नव्हता, हे तीन शब्द हत्याराच्या प्रत्येक आराखड्यावर लिहून ठेवले पाहिजेत. चार्ल्टनचं मॅगझीन तीन सेकंदांत संपतं हे मी वर सांगितलं, ते याचसाठी.

पामीतही असे लोक होते. १९४० च्या जानेवारीत २८ वी माओरी बटालियन याच शहरात जमा झाली, इथेच तिनं कवायत केली आणि मे महिन्यात बोटीवर चढली. क्रीट, वाळवंट, कॅसिनोचं रेल्वे स्टेशन, असा तिचा रस्ता. ट्युनिशियात मार्च १९४३ मध्ये सेकंड लेफ्टनंट मोआनानुई-आ-किवा न्गारिमू यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. म्हणजे एकाच शहरातून माणसं बाहेर गेली ती नाव घेऊन आली, काही आलीच नाहीत, आणि त्याच शहराच्या गोदामात दीड हजार बंदुका कुणाच्याही हाताची सवय न होता पडून राहिल्या.

२५ एप्रिलला इथे अँझॅक डे असतो. पहाटे अंधारात चौकात लोक जमतात, पदकं लावून. मीही माझी लावून जातो. एका वर्षी शेजारी उभ्या असलेल्या इथल्या माजी सैनिकाशी गप्पा झाल्या. माझं इंग्रजी बेताचं, त्याचं न्यूझीलंडचं, त्यामुळे निम्मं दोघांनाही कळत नव्हतं. सेनिओचं नाव काढलं तेव्हा त्यानं मान डोलावली, त्याचे काका त्या डिव्हिजनमध्ये होते. मग ब्रेनचा विषय निघाला. त्याच्याही वेळी ७.६२ ची ब्रेन होती, आपल्याकडेही तीच, एलएमजी वन-बी. मी हवेत कॉक केलं, त्यानं हवेतलं मॅगझीन काढलं. फौरी इलाज दोघांनी सरळ पुरा केला, एकही पायरी इकडेतिकडे नाही. त्याची नातवंडं आमच्याकडे बघत होती. चार्ल्टनबद्दल विचारलं तर त्यानं खांदे उडवले. नाव ऐकलेलं, पाहिलेली नाही. त्याच्या हातांना तिची कवायत येत नव्हती. कुणाच्याच हातांना येत नाही.

आपल्याकडे ब्रेनचं आयुष्य लांबलं. .३०३ ची नंतर ७.६२ करून कानपूरला बनायला लागली. नव्या काडतुसाला कड नव्हती, त्यामुळे मॅगझीन सरळ झालं आणि कडा अडकण्याची भानगड संपली. पोलीस ठाण्यांत तर .३०३ ची जुनी ब्रेन मी कितीतरी वर्षं बघितली. माझ्या टेबलावर एलएमजी यायची ती बहुतेक झिजलेल्या एक्स्ट्रॅक्टरसाठी, मऊ झालेल्या स्प्रिंगसाठी किंवा कुणी गॅस सिलिंडर नीट साफ केला नाही म्हणून. नळी साफ करायची चिंदी आणि फुलथ्रू वेळेवर फिरवले असते तर निम्मी कामं आलीच नसती. पुढे नवी हलकी हत्यारं आली तेव्हा जुने हवालदार बरेच दिवस नाक मुरडत होते. त्यातलं किती हत्याराबद्दल होतं आणि किती सवयीबद्दल, हे मी कधी ठरवू शकलो नाही. कीर्तीत दोन्ही मिसळलेलं असतं.

जळालेल्या हत्याराचं मात्र मला ठाऊक आहे. एकदा तंबूला आग लागून चार रायफली माझ्याकडे आल्या. बाहेरून फक्त लाकूड गेलेलं. नव्या शिपायाला वाटतं, दस्ता नवीन लावला की झालं. पण पोलादाला दिलेलं पाणी आगीत उतरतं. स्प्रिंग हातानं दाबली तर दबलेलीच राहिली. बोल्टवर कानस फिरवली तर कानस धरली, जिथे ती घसरायला हवी होती. असा बोल्ट पुन्हा बसवून गोळी झाडली तर पुढे जाईल की मागे येईल याची खात्री नाही. चारही रायफली मी बाद ठरवल्या. पामीच्या गोदामातल्या चार्ल्टनची गत याहून वेगळी असणार नाही. बॅरलवरच्या पाळ्या तशाच राहिल्या असतील, आतलं सगळं मेलं असेल.

आता तिचं नाव आहे ते दुर्मिळ म्हणून. संग्राहक तिच्यामागे आहेत, शौकिनांच्या पुस्तकांत तिचे फोटो आहेत, आणि तिची चेष्टा करणारे आणि तिला अलौकिक म्हणणारे सारखेच ठाम आहेत. दोघांकडेही तिच्यावर कवायत केलेला एक माणूस नाही. मला विचाराल तर चार्ल्टनचं काम ब्रेनशी बरोबरी करायचं नव्हतंच. ब्रेन नसलेल्या वर्षी काहीतरी असावं, एवढंच होतं, आणि ते त्यानं वर्कशॉपमध्ये बसून केलं.

वायउरूला काचेअलीकडे उभा राहून मी ती बघितली. काच नसती आणि पाच मिनिटं कुणी दिली असती तर मी बॅरल बघितली नसती, पाळ्याही नाहीत. उजवीकडची पट्टी उतरवून तिरक्या खाचेची वरची कड नखानं चाचपली असती. बोल्टचा खुंट प्रत्येक गोळीला तिथेच आपटतो. कड धारदार असेल तर ती बंदूक कारखान्यातून निघाली तशीच आहे. गोल झिजलेली असेल तर कुणीतरी, कुठल्यातरी फायरिंग रेंजवर, तिच्यातून बरीच मॅगझीन मोकळी केली आहेत, आणि त्या माणसाला तिच्याबद्दल काही ना काही मत असणारच.